मटकीला मोड आले नाहीत

बुधवारी रात्री फडक्यात बांधलेली मटकी
शुक्रवारी सकाळीही तशीच,
फुगलेली, गुळगुळीत, तोंड मिटून.
सासूबाईंनी फडकं नाकाशी नेलं.
"ओवा," त्या म्हणाल्या. "हात दाखव तुझे."

माटुंग्याच्या प्रयोगशाळेत माझं काम मोजायचं.
काचेच्या बशीत ओला टीपकागद,
त्यावर भाताचे पन्नास दाणे,
झाकणाला आतून कापसाचा बोळा
आणि बोळ्यावर तेलाचा एक थेंब:
ओव्याचं, दालचिनीचं, कधी गवती चहाचं.
तेल दाण्याला शिवत नाही, नुसता वास पोचतो.
तिसऱ्या दिवशी भिंग घेऊन बघायचं
कोणी डोकं वर काढलं,
आणि वहीत आकडा लिहायचा.

हे सुरू झालं इनास घोन्साल्विसमुळे.
दोन वर्षांमागे ऑक्टोबरात
तो गोराईहून बोटीने आला होता,
वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक लोंबी घेऊन.
गेलेला पाऊस परत येऊन चार दिवस राहिला होता.
भात आडवा पडला, आणि लोंबीवरच
दाण्यादाण्याला पांढरी शेपटी फुटली.
"पेरलं नाही तरी उगवलं, मॅडम.
पीठ चिकट होतं. भाकर थापायला गेलं
तर हात सोडत नाही."

दाण्याचं चुकलं असं मला अजून म्हणवत नाही.
पाणी होतं, ऊब होती,
त्याला वाटलं, आली वेळ.

तेल मी मशीद बंदरहून आणते.
वेलजीभाई पावती फाडताना विचारतात,
"दाढ दुखते की साबण करता?"
भाताला झोपवायचं आहे, मी सांगते.
ते बाटली ट्यूबलाइटकडे धरतात, बूच घट्ट करतात.
"माझ्या नातवाला पण चालेल काय?"

थेंब जास्त झाला की दाणा मरतो.
कमी झाला की ऐकत नाही.
मधली जागा सुईच्या नेढ्याएवढी,
आणि चौबळ मॅडम प्रत्येक बशीवर तेच विचारतात:
झोपलाय, की गेलाय?
बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात.

म्हणून त्या शुक्रवारी मी मटकी फेकू दिली नाही.
तीन पाण्यांनी धुतली,
चाळणीत पसरून खिडकीत ठेवली.
समोरच्या इमारतीतलं कबुतर दोनदा येऊन गेलं.
शनिवारी काही नाही.
रविवारी, दूध तापत असताना,
एका दाण्याच्या कडेला वाकडा पांढरा टिंब.
मग शेजारच्या. मग मी मोजायचं सोडलं,
जे मी कधी सोडत नाही.

उसळ झाली. सासूबाईंनी दुसऱ्यांदा वाढून घेतली.
"ओवा लागतोय," म्हणाल्या, "पण पोटाला बरा."
सोमवारी मॅडमनी ऐकून घेतलं, हसल्या नाहीत,
वहीत लिहिलं: मटकी. घरगुती. नियोजित नाही.
खाली दोन रेघा ओढल्या.

यंदा इनासच्या एका वाफ्यावर फवारलं.
पाऊस आला, त्याला कोण बोलावतं.
बांधाकडचं भात गप्प राहिलं,
खाडीकडचं उठलं;
तिकडून वारा येतो, वास टिकू देत नाही.
इनास गुडघाभर चिखलात उभा,
एक लोंबी डाव्या हातात, एक उजव्या,
जणू कोणाला विकायच्या आहेत.
"अर्धं," तो म्हणाला.
मी आकडा लिहिला. अर्ध्याहून थोडं कमीच होतं,
ते त्याला तेव्हा सांगितलं नाही.

आता मटकी मी भिजवते, बांधतात सासूबाई.
गाठ मारण्याआधी माझ्या बोटांचा वास घेतात
आणि विचारतात,
"आज कोणाला झोपवून आलीस?"